त्रिची आणि कावेरीकाठ: चार दिवसांत काय बघावे आणि कोणत्या वेळी?

सातारकर यांचा प्रश्न:

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात चार पूर्ण दिवस तिरुचिरापल्लीत मुक्काम आहे. आम्ही दोघे, सत्तरीची आई आणि बारा वर्षांचा मुलगा. आईला सपाटीवर चालायला अडचण नाही, पण पायऱ्या म्हटल्या की गुडघे बोलतात. मुलाला पक्ष्यांचे वेड आहे. देवळे बघायची आहेतच, पण चारही दिवस नुसती देवळे नकोत. नदी, डोंगर, पाणथळ जागा असे काहीतरी मधेमधे हवे.

विचारायचे ते असे:

१. रॉकफोर्टच्या पायऱ्या आईला जमतील का? वर जायला दुसरी काही सोय आहे का?
२. जानेवारीत कावेरीला पाणी असते का? कल्लणै धरणापर्यंत जाणे सार्थकी लागेल का?
३. तंजावर त्रिचीहून एका दिवसात उरकावे की तिथे एक रात्र राहावे?
४. ६०-७० किमीच्या आत निसर्गाचे काय बघण्यासारखे आहे? कोल्ली हिल्सबद्दल बरेच वाचले, ते एका दिवसात होईल का?
५. गाडी चारही दिवस ठेवावी की बस, रेल्वे, रिक्षावर भागेल?

---

कातळवेडा:

आधी एक गोष्ट पक्की करा: या भागात आखणी अंतर बघून करायची नाही, घड्याळ बघून करायची. बहुतेक मोठी देवळे साडेबारा-एकला बंद होतात ती चारच्या सुमारास उघडतात. सगळीकडे अनवाणी चालायचे असते आणि ग्रॅनाइट सकाळी दहापासूनच तापू लागतो. जानेवारीतही दुपारी बाराला उघड्या फरशीवर उभे राहवत नाही. बहुतेकांचा दिवस फसतो तो इथेच. आरामात नाश्ता करून दहाला निघतात, अकराला पोचतात आणि दीड तासात पाय भाजून, अर्धे बघून परत फिरतात.

रॉकफोर्ट: टेकडी साधारण ८३ मीटर उंच. वर उच्ची पिळ्ळैयार म्हणजे गणपती, मधल्या टप्प्यावर तायुमानवर म्हणजे शंकर, पायथ्याला माणिक्क विनायगर. पायऱ्या चारशेच्या आसपास. लिफ्ट किंवा रोपवे नाही. सुरुवातीचा बराचसा भाग छताखालचा, बोगद्यासारखा असल्यामुळे सावलीत जातो. मात्र पायऱ्यांची उंची सारखी नाही आणि शेवटचा टप्पा उघड्यावर, जास्त चढाचा आहे. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. म्हणून आईंनी तायुमानवरपर्यंतही जाऊ नये असे माझे मत. त्यांच्यासाठी पायथ्याचा गणपती आणि तेप्पकुळम् तलावाचा परिसर पुरेसा आहे. जवळच राणी मंगम्माळ महालात सरकारी संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असते.

तुम्ही आणि मुलाने दुपारी चारला चढायला लागावे. चप्पल पायथ्यालाच ठेवायची. वरून उत्तरेला कावेरीचे पात्र, पलीकडे श्रीरंगमची गोपुरे आणि नारळीची झाडी दिसते. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आगेमागे मावळतो. तासभर आधी वर असलात तर तिरक्या उन्हात गोपुरे उठून दिसतात. सकाळी त्या दिशेला बहुधा धुके असते.

वाटेत बहुतेक जण चुकवतात ती जागा म्हणजे तायुमानवरच्या वर, पायऱ्यांच्या बाजूला असलेले पल्लव लेणे. महेंद्रवर्मन पहिला याच्या काळातले, सातव्या शतकातले. जाळीचे दार असते, त्यामुळे लोक गोदाम समजून पुढे जातात. आत एका भिंतीवर गंगाधर शिवाचा मोठा पट आहे: एका हाताने जटेची बट धरलेली, तिच्यात उतरणारी गंगा, खाली गुडघे टेकलेले भक्त. दार बंद असले तरी जाळीतून बराचसा दिसतो, फक्त डोळे अंधाराला सरावेपर्यंत मिनिटभर थांबा.

श्रीरंगम: पहाटे सहा-साडेसहाला पोचा. देवळाला सात प्राकार (एकात एक असलेली तटबंदीची आवारे) आहेत. बाहेरच्या प्राकारांत घरे, दुकाने, रस्ते, असे अख्खे गाव वसलेले आहे. दक्षिणेचे राजगोपुर ७३ मीटरचे. ते शतकानुशतके अर्धवट होते, १९८७ मध्ये पुरे झाले. तिथून आत चालत जाणे छान वाटते, पण आईंसाठी रिक्षा पुढच्या रस्त्यापर्यंत आत नेता येते, तेवढी पायपीट वाचते. व्हीलचेअरची चौकशी दारातच करा.

दर्शनाची रांग कधी अर्धा तास, कधी तीन तास. वैकुंठ एकादशीच्या आसपासचे वीस-एकवीस दिवस (मार्गळी महिना, म्हणजे डिसेंबर-जानेवारी) आणि पोंगलचे दिवस टाळलेले बरे. तुमचा तिसरा आठवडा पोंगलच्या नंतरचा असेल तर ठीक. रांग लांब असेल तर आधी चौथ्या प्राकारातली शिल्पे बघून घ्या. पूर्वेला शेषराय मंडप आहे, त्याचे खांब म्हणजे मागच्या पायांवर उभे राहिलेले घोडे, वर स्वार, खाली वाघाला भोसकणारे शिपाई. एकाच खांबाजवळ पाच मिनिटे थांबा. लगामाचे पीळ आणि घोड्याच्या पोटाखालून वर घुसलेला भाला हे सगळे एकाच दगडात मोकळे कोरलेले आहे. समोरच हजार खांबांचा मंडप आणि त्या बाजूचे पांढरे वेळ्ळै गोपुर. दक्षिणेकडून आत शिरल्यावर डाव्या हाताला वेणुगोपाळाचे छोटे देऊळ लागते, त्याच्या बाहेरच्या भिंतींवरच्या वीणा वाजवणाऱ्या आणि आरशात बघणाऱ्या स्त्रियांच्या मूर्ती गर्दीत हमखास राहून जातात.

श्रीरंगमहून साडेअकराला निघून तिरुवानैक्कावलला जा. अंतर थोडेसेच आहे. पंचमहाभूतांच्या पाच शिवस्थानांपैकी हे जलतत्त्वाचे, गाभाऱ्यात लिंगाभोवती पाणी झिरपते. इथे दुपारच्या पूजेला पुजारी साडी नेसून अखिलांडेश्वरी देवीच्या रूपात शंकराची पूजा करायला येतात. बाराच्या सुमारास मंडपात जागा धरून बसा, एकनंतर देऊळ बंद होते. मंडप सावलीचे आहेत, त्यामुळे आईंनाही त्रास नाही. दुपारचा एवढा एक तास या गावात देवळात घालवण्यासारखा आहे, बाकी दुपारी जेवण आणि विश्रांती.

---

पाणथळ:

प्रश्न २ आणि ४ बद्दल.

कावेरीचे पाणी पावसावर कमी आणि मेट्टूर धरणाच्या दरवाजांवर जास्त अवलंबून असते. सिंचनाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सुटते आणि २८ जानेवारीला बंद होते (धरणात साठा नसेल तर तारीख पुढे सरकते). म्हणजे तुमच्या आठवड्यात साधारणपणे पाणी असायला हवे. फेब्रुवारी ते जूनमध्ये आलात तर पुलावरून वाळूच वाळू दिसते, आणि मग लोक ‘एवढी मोठी कावेरी म्हणतात ती हीच का’ म्हणत निराश होतात.

नकाशा नीट समजला तर ही सहल जास्त रंगते. शहराच्या पश्चिमेला १८ किमीवर मुक्कोम्बू. तिथे नदी फुटते: उत्तरेची कोळ्ळिडम, दक्षिणेची कावेरी. दोघींच्या मधले बेट म्हणजे श्रीरंगम. कोळ्ळिडमचा तळ खोल आणि उतार जास्त, त्यामुळे पाणी आपसूक तिकडे पळते आणि तंजावरच्या भातशेतीकडे जाणारी कावेरी गाळाने भरत जाते. हे रोखायला ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटनने १८३६ मध्ये मुक्कोम्बूला बंधारा घातला. २२ ऑगस्ट २०१८ च्या पुरात त्याच्या कोळ्ळिडमकडच्या भागातले नऊ दरवाजे वाहून गेले. त्यानंतर तिथे नवा बंधारा बांधला.

बेटाच्या पूर्व टोकाला, जिथे दोन्ही प्रवाह पुन्हा जवळ येतात, तिथे कल्लणै. करिकाल चोळाच्या नावावर सांगितले जाणारे, साधारण दुसऱ्या शतकातले हे दगडी धरण. लांबी सुमारे ३२९ मीटर, रुंदी २० मीटर, उंची साडेपाच मीटरच्या आत. न घडवलेले मोठे दगड वाळूत टाकायचे, ते खचून स्थिरावले की त्यांच्यावर मातीच्या थराने पुढचे बसवायचे, अशी त्याची रीत होती. सैल वाळूत पाया कसा घालावा हे कॉटन यावरून शिकला आणि पुढे गोदावरीवर धवळेश्वरमला तेच वापरले. आज तुम्हाला दिसतात ते कमानींचे पूल आणि दरवाजे ब्रिटिश काळातले, त्यांच्या खाली जुना नागमोडी बांध आहे. ‘दोन हजार वर्षांचे धरण’ या अपेक्षेने कमानींचे फोटो काढून परतणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. पाण्याचे चार फाटे पाहा: कावेरी, वेण्णार, १९३४ चा नवा कालवा आणि जादा पाणी सोडायला कोळ्ळिडम. दरवाजे कोणत्या बाजूचे उघडे आहेत यावरून त्या दिवशी पाणी कुठे चालले आहे ते मुलाला ओळखता येईल.

दोन सूचना. पाण्यात उतरू नका. दरवाज्यांच्या खालच्या अंगाला वरून संथ दिसणाऱ्या पाण्यात भोवरे आणि खड्डे असतात. आणि पोंगलच्या लगेच नंतरच्या काणुम् पोंगलला मुक्कोम्बू, कल्लणै दोन्हीकडे जत्रा असते. त्या दिवशी तिकडे फिरकू नका. दोन्हींपैकी एकच करायचे तर कल्लणै. मुक्कोम्बू म्हणजे बंधारा आणि बाग, बाकी फार काही नाही.

पक्षी: करैवेट्टी पक्षी अभयारण्य, अरियलूर जिल्हा. ४५४ हेक्टरचा सिंचन तलाव, जानेवारी २०२४ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. कालव्यांतून मेट्टूरचे पाणी येत असल्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी भरलेला असतो. पट्टकादंब (बार-हेडेड गूज) हिवाळ्यात येतो. सोबत तलवार बदक, चित्रबलाक, मुग्धबलाक, झोळीवाला (पेलिकन), तिरंदाज. त्रिचीहून सव्वा-दीड तास. सूर्योदयाला बांधावर असायला हवे, म्हणजे पाचच्या आत निघणे आले. नऊनंतर थवे तलावाच्या मध्यावर जातात आणि उन्हाची झिलई येते. तेव्हा ८×४२ दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. ऊन पाठीशी राहील अशा कडेने चाला. तिथे खायला काही मिळेल या भरवशावर जाऊ नका, डबा आणि पाणी सोबत ठेवा. बांध सपाट आहे, आईंना चालेल.

श्रीरंगमजवळ मेलूरला फुलपाखरू उद्यान आहे, २५ एकरांचे. मंगळवारी बंद असते. बंदिस्त घराऐवजी मोकळ्या बागेतच जास्त दिसतात. फुलपाखरांना ऊन लागते, त्यामुळे पहाटे घाई करण्यात अर्थ नाही. उघडल्यापासून साडेअकरापर्यंतचा वेळ उत्तम. ढगाळ दिवशी जाऊच नका.

कोल्ली हिल्स: एका दिवसात ‘होते’, पण तुमच्या मंडळींना घेऊन करू नका. ७० हेअरपिन वळणे, गाडी लागणाऱ्यांचे हाल. वरचा आगाय गंगै धबधबा बघायला हजारावर पायऱ्या उतरून परत चढाव्या लागतात, आणि जानेवारीच्या शेवटाकडे पाणी ओसरू लागते. आईंना गाडीतच बसून राहावे लागेल.

---

कातळवेडा:

कोल्लीऐवजी पुदुक्कोट्टैकडची फेरी घ्या. डोंगर, लेणी, मोर, सगळे १५० किमीच्या आत.

क्रम असा: सकाळी सहाला निघून पुदुक्कोट्टै रस्त्याने नार्तामलै. गाडी पायथ्याला सोडून उघड्या कातळावरून १५-२० मिनिटांचा चढ. पायऱ्या नाहीत, नुसता उतरता खडक; कोरडा असताना पकड चांगली, दवाने ओला असेल तर घसरतो. वर विजयालय चोळीश्वरम, नवव्या शतकातले. बाहेरून चौकोनी देऊळ, आत गोल गाभारा, ही रचना सहसा सापडत नाही. समोरच्या कातळात दोन लेणी, त्यांतल्या एकात विष्णूच्या बारा मूर्ती ओळीने. इथे सावली अजिबात नाही, साडेआठपर्यंत खाली उतरा.

तिथून सित्तन्नवासल. आधी एळडिपट्टम, म्हणजे डोंगराच्या कड्यातली जैन मुनींची गुहा. आत घासून गुळगुळीत केलेल्या १७ दगडी शय्या, डोक्याकडे उशीसारखा उंचवटा, एका शय्येच्या कडेला तमिळ-ब्राह्मी लेख. वाट अरुंद आहे, कठडा लावलेला आहे, तरी उंचीची भीती असणाऱ्यांनी विचार करावा. मग दुपारी अरिवर कोविल, चित्रांचे लेणे. हे आत असल्यामुळे दुपारची वेळ चालते, आणि चढ थोडाच, त्यामुळे आईंनीही हे बघावे. मान वर करून छताकडे बघा: कमळांचे तळे, त्यात हत्ती, मासे, हंस आणि फुले तोडणारे तरुण. रंग बरेच उडालेत, त्यामुळे पहिल्या नजरेला डागच दिसतात. एक कमळ शोधा, मग देठ, मग त्याला धरणारा हात. बाकीचे तळे त्यातून उलगडत जाते. खांबांच्या माथ्यावर नर्तकी आहेत. फ्लॅश मारू नका.

परतीला विरालीमलै (मुरुगनची टेकडी, संध्याकाळी मोर हमखास) आणि महामार्गालगतचे कोडुंबाळूरचे मूवर कोविल. तीन देवळांपैकी दोन उभी आहेत, तिसऱ्याचा फक्त पाया. आवार मोकळे आणि सपाट. माकडांपासून मात्र सगळीकडे जपा, हातात प्लॅस्टिकची पिशवी नको.

---

मोडीवाचक:

तंजावरला एक रात्र राहाच. वरच्या दोघांनी लिहिलेले दुपारचे गणित तिथेही लागू आहे, आणि एका दिवसात गेलात तर नेमकी दुपार मोठ्या देवळात सापडते. करैवेट्टी पहाटे करून तिरुमानूरवरून तिरुवैयारू आणि पुढे तंजावर असे गेलात तर रस्ता सरळ पडतो, उलटा फेरा नाही. तिरुवैयारूला कावेरीच्या काठी कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीला तिथे आराधना (त्यांच्या स्मरणाचा संगीतोत्सव) असते, ती बहुधा जानेवारीत येते. तुमच्या तारखांत पडली तर गाणे ऐकायला मिळेल, पण रस्ते तुंबतील.

दुपार तंजावरच्या राजवाड्यात घालवा: दरबार हॉल, कलादालनातले चोळ ब्राँझ आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचे संग्रहालय. ते बुधवारी बंद असते, त्याप्रमाणे दिवस निवडा. ४९ हजारांच्या वर हस्तलिखिते आहेत, पण मांडलेली मोजकीच. मोडी कागद वाचायचे असतील तर आधी लेखी परवानगी काढावी लागते, दारात जाऊन होत नाही.

बृहदीश्वर साडेचारला. १०१० मध्ये राजराज पहिला याने पुरे केलेले, शिखर ६० मीटरच्या वर. मावळतीचे ऊन शिखरावर चढते तोवर आवारात थांबा. आतल्या प्रदक्षिणामार्गातली चोळकालीन भित्तिचित्रे लोकांसाठी खुली नाहीत. आवारातल्या दालनात त्यांची छायाचित्रे आहेत, त्यावर समाधान मानायचे.

मराठी माणसाने चुकवू नये ते आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथल्या भिंतींवर मराठीत, देवनागरीत कोरून घेतला. जगातल्या सर्वांत लांब शिलालेखांत त्याची गणना होते. बहुतेक मार्गदर्शक तिकडे नेतच नाहीत. अक्षर बारीक आणि दगड एकाच रंगाचा, त्यामुळे समोरून बघितले तर काहीच कळत नाही. भिंतीला समांतर, तिरपा टॉर्च धरला की अक्षरांना सावली पडते आणि वाचता येते. मुलाला ‘राजे’, ‘संभाजी’ असे शब्द शोधायला सांगा. पाणी किंवा खडू लावून अक्षरे उठवू नका.

आणि तुमच्या नावावरून आठवले: त्रिचीचा किल्ला रघूजी भोसल्यांनी १७४१ मध्ये चंदासाहेबाकडून (कर्नाटकच्या नवाबाचा जावई) घेतला आणि चंदासाहेबाला कैद करून साताऱ्याला पाठवले. किल्ला मुराररावांच्या (घोरपडे) ताब्यात राहिला, तो १७४३ मध्ये निजामाने परत घेतला. त्या तटबंदीतले ‘मेन गार्ड गेट’ तेवढे बाजारात अजून उभे आहे. रॉकफोर्टकडे जाताना त्याच्याखालून चालत जा.

---

चाकांवर:

प्रश्न ५. चारही दिवस गाडी नको.

पहिला दिवस शहरात: श्रीरंगम, तिरुवानैक्कावल, संध्याकाळी रॉकफोर्ट. त्रिची जंक्शनहून चत्रम बस स्टँडवरून श्रीरंगमला जाणारी १ नंबरची सिटी बस दर थोड्या वेळाने असते. आईंसाठी रिक्षा करा, भाडे बसण्याआधी ठरवा, मीटरचा आग्रह धरून उपयोग होत नाही.

दुसरा दिवस पुदुक्कोट्टै फेरी, तिसरा करैवेट्टी-तंजावर: या दोन दिवसांना गाडी. भाडे ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. बाहेरगावच्या भाड्याला बऱ्याचदा दिवसाला किमान २५० किमी धरतात, त्यामुळे १५० किमीच्या फेरीला ‘लोकल पॅकेज’ स्वस्त पडते का ते तपासा. ड्रायव्हर बाटा (ड्रायव्हरचा रोजचा भत्ता) वेगळा असतो, आणि पहाटे सहाच्या आत निघाल्यास रात्रीचा बाटा लावतात. करैवेट्टीच्या दिवशी तो लागणारच, आधीच बोलून ठेवा. गाडी तंजावरला सोडून द्या म्हणजे मुक्कामाचे पैसे भरावे लागत नाहीत. तंजावर-त्रिची ५० किमी, रेल्वेने तासभर.

चौथ्या दिवशी सकाळी तंजावरहून परत, मग फुलपाखरू उद्यान, दुपारी विश्रांती, तीननंतर चत्रम स्टँडहून कल्लणै. लांब पल्ल्याच्या बस आता पंजप्पूरच्या नव्या स्टँडवरून सुटतात, जुन्या सेंट्रल स्टँडच्या भरवशावर हॉटेल घेऊ नका. तुमच्यासाठी श्रीरंगम किंवा चत्रमच्या आसपासचे हॉटेल सोयीचे.

चेन्नईमार्गे येणार असाल तर: मुंबई-पुण्याच्या गाड्या बहुधा सेंट्रलला येतात आणि त्रिचीच्या गाड्या एग्मोर किंवा तांबरमहून सुटतात. मधे निदान दोन तास ठेवा.

---

सातारकर:

सर्वांचे आभार. बुधवार आणि मंगळवार बघून तारखा एक दिवस पुढे सरकवल्या. पाणथळ, करैवेट्टीला स्कोप (ट्रायपॉडवरची एकनळी दुर्बीण) न्यावा का? आमच्याकडे २०-६० पट मोठे दाखवणारा आहे, ट्रायपॉडसकट पाच किलो.

पाणथळ:

न्या. तलाव मोठा आहे, पट्टकादंब बहुधा पलीकडच्या काठाला चरत असतात. फक्त २०-३० वरच ठेवा. आठनंतर पाण्यावरून हवा थरथरू लागते, ६० वर सगळे नुसते धूसर दिसते.